पोळा फुटण्याआधीची फ्रेम

पोळा भरतो तेव्हा गावाच्या आखरावर थोडा वेळ सगळे थबकलेले असते. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलांची रांग लागलेली. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. कासरे हातात घट्ट धरलेले, झडत्यांची गाणी रंगात आलेली, आणि सगळ्यांचे डोळे तोरणाकडे. मग तोरण तुटते, पोळा 'फुटतो' आणि धुळीत कोण कुठे गेले ते कळत नाही. कुणी आपली जोडी कशी सजवली होती हे ज्याला पाहायचे असेल, त्याने ते पोळा फुटायच्या आधीच पाहून घ्यायचे.

घरच्या व्हिडिओत एखादा क्षण थांबवायचा तर हाच हिशेब लागतो. मला ते उशिरा कळले आणि कळायला निमित्त झाली तान्ह्या पोळ्याची एक जुनी कॅसेट.

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लेकरांचा पोळा असतो. लाकडी नंदी सजवून मुले मिरवायला आणतात आणि घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला आहे. तिथले काही नंदी एवढे मोठे असतात, की ओढायला लेकरांच्या जोडीला मोठ्यांचेही हात लागतात. नव्वदच्या दशकात मामाने भाड्याचा कॅमेरा आणून तिथल्या एका तान्ह्या पोळ्याचे शूटिंग केले होते. ती पाऊण तासाची व्हीएचएस कॅसेट परवा पुन्हा लावली. आजी समोर बसली होती. नंदीची दोरी धरलेला एक पोरगा कॅमेऱ्याकडे वळला, तशी ती म्हणाली, "थांबव बरं तिथंच. हा कोन होय ते सांगतो तुले."

मी पॉझ दाबले. चित्र थांबले खरे, पण पोराच्या चेहऱ्यावरून पांढऱ्या रेघांचा पट्टा गेला, नंदीचे पाय कंगव्याच्या दात्यांसारखे फाटले आणि पडदा थरथरत राहिला. आजीने चष्मा काढून पदराला पुसला. दोष चष्म्याचा नव्हता.

कॅसेट थांबते, चित्र थांबत नाही

व्हीसीआरच्या पोटात एक तिरका गोल ढोल फिरत असतो आणि त्याच्या कडेला चित्र वाचणारी हेडे बसवलेली असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हा ढोल सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. फीत त्याच्याभोवतून सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर पुढे सरकते. ढोल तिरका असल्यामुळे चित्राच्या रेषा फितीवर तिरक्या आखल्या जातात. त्या रेषेचा नेमका कोन ठरतो तो दोन गतींच्या बेरजेने: हेडाची धाव आणि फितीचे सरकणे.

पॉझ दाबला की फीत थांबते, हेड फिरतच राहते. बेरजेतली एक रक्कम शून्य झाली, म्हणजे कोन बदलला. हेड आपल्या रेषेवरून निघते आणि वाटेत शेजारच्या रेषेत घुसते. ज्या जागी ते घुसते तिथे पडद्यावर पांढरा पट्टा दिसतो. चार हेडांची महागडी यंत्रे हा पट्टा बराच झाकत. पण फितीच्या एकाच जागी हेड घासत राहिले की फीत झिजते, म्हणून बहुतेक यंत्रे काही मिनिटांनी पॉझ आपोआप सोडून देत.

यातून पहिला नियम निघतो. कॅसेट थांबवून तिचा फोटो घेऊ नये. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चालवून आधी संगणकात उतरवून घ्यावी. थांबवण्याचा उद्योग त्यानंतर करावा.

एका फ्रेमेत दोन क्षण

मीही तसेच केले. पट्टा गेला. नंदीच्या पायांचे दाते मात्र तसेच राहिले, कारण त्यांचे मूळ कॅसेटीत नव्हते, टीव्हीच्या पद्धतीत होते.

जुन्या टीव्हीची एक फ्रेम म्हणजे एक चित्र नव्हे. सेकंदाला २५ फ्रेमा, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत भरलेली. आधी विषम क्रमांकाच्या आडव्या ओळी, मग १/५० सेकंदाने सम क्रमांकाच्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. चालत्या चित्रात डोळा दोन्ही फील्ड एकत्र विणून घेतो आणि हालचाल मऊ दिसते. फ्रेम थांबवली की वीण उसवते, कारण त्या एका फ्रेमेत दोन वेगळे क्षण आहेत.

हिशेब करून पाहू. नंदी ओढणारे पोर सेकंदाला एक मीटर चालते असे धरले, तर १/५० सेकंदात ते दोन सेंटिमीटर पुढे जाते. पडद्याच्या रुंदीत चार मीटरचा रस्ता मावला असेल आणि ती रुंदी ७२० ठिपक्यांची असेल, तर दोन सेंटिमीटर म्हणजे साडेतीन ठिपके. दाते तेवढे लांब. तेच पोर तीन मीटरच्या वेगाने धावत सुटले तर दाते अकरा ठिपक्यांचे होतात आणि चेहरा ओळखू येत नाही.

उपाय सोपा आहे. दोनपैकी एकच फील्ड ठेवायचे आणि मधल्या रिकाम्या ओळी शेजारच्या ओळींवरून भरून काढायच्या. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये याला डीइंटरलेस म्हणतात. उभा तपशील थोडा उणा होतो, पण चेहरा एकसंध राहतो. याचाच 'बॉब' नावाचा प्रकार प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करतो. मग सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रे हाती येतात आणि निवडीला दुप्पट वाव मिळतो. क्डेनलाइव्ह, शॉटकट यांसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसची सोय असते.

आजच्या फोनचे चित्रण असे हप्त्याने होत नाही, पण तिथे दुसरी गोम आहे. फाइल लहान राहावी म्हणून फोन प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण बाकी लिहिलेली असते आणि पुढे नुसती रोजची भर: अर्धा किलो साखर, एक चहापत्ती. व्हिडिओतही एक फ्रेम पूर्ण लिहिली जाते आणि पुढच्या अनेक फ्रेमांत फक्त बदल. हालचाल फार झाली की बदल लिहायला जागा पुरत नाही आणि चित्रावर चौकोनी डाग दिसू लागतात. अशा वेळी चार-सहा फ्रेमा मागे-पुढे सरकून पाहावे. बहुधा शेजारीच एखादी स्वच्छ फ्रेम सापडते.

फिल्मवाले कसे थांबवत

सिनेमात थांबलेली फ्रेम बरीच जुनी, पण तिथेही ती फुकट मिळत नसे. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी धावते. तीन सेकंद थांबायचे तर तेच एक चित्र ७२ वेळा हवे. त्यासाठी ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रात प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर ठेवून त्या एका चित्राचे पुन्हा पुन्हा चित्रण करत. नक्कल झाली की दाणा वाढे, काळे अधिक काळे होई. म्हणून जुन्या सिनेमात चित्र थांबण्याच्या क्षणभर आधीच त्याचा पोत बदललेला जाणवतो.

सत्यजित राय यांच्या १९६४च्या 'चारुलता'चा शेवट अशाच थांबलेल्या चित्रांवर होतो. नवरा-बायकोचे हात एकमेकांकडे निघालेले आणि मध्येच गोठलेले. ते हात भेटले का, हे सिनेमा सांगत नाही. हालचाल पुरी व्हायच्या आधी थांबल्यामुळे ती प्रेक्षकाच्या मनात चालू राहते.

याच्या उलट खेळ दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली केला होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना दाखवणारी 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली. दिवसांमागून दिवस एकेक फ्रेम घेत गेले आणि पडद्यावर रोप बघता बघता वर आले. हासुद्धा घरच्या घरी केलेला व्हिडिओच. स्थिर दिसणाऱ्या गोष्टीत लपलेली हालचाल त्यांनी दाखवली. आपल्याला हालचालीत लपलेली स्थिरता शोधायची आहे.

त्या शोधाचा धडा वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर, सेवाग्रामात मिळतो. गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमात त्यांचे फोटो काढत असे. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आणि रोल आला होता. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही आणि आश्रमाच्या पैशांतून खर्च करायचा नाही. कुटीतल्या अंधूक उजेडात, सतत कामात असलेल्या माणसापुढे, या अटींत फोटोग्राफराच्या हाती एकच गोष्ट उरते: वाट पाहणे. सूत काततानाचा हात वर जाऊन क्षणभर टेकतो, वाचताना मान स्थिरावते, चालता चालता माणूस कुणाचे ऐकायला थबकतो. घरच्या व्हिडिओत आपल्याला नेमके हेच वेचायचे असते. आपले भाग्य एवढेच, की चुकले तर एक फ्रेम मागे जाता येते.

निमिषाचा हिशेब

आपल्या भाषेत पापणी लवण्याच्या वेळाला निमिष म्हणतात आणि ज्यांची पापणी लवत नाही त्या देवांना अनिमिष. माणसे देव नसल्यामुळे एडिटिंग करणाऱ्याचे काम वाढते. पापणी लवायला साधारण सेकंदाचा दहावा ते तिसरा भाग लागतो. म्हणजे २५ फ्रेमांच्या व्हिडिओत तीन ते आठ फ्रेमा माणूस अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसलेला असतो. चालू व्हिडिओत हे कुणाला दिसत नाही. थांबवलेल्या फ्रेमेत दुसरे काही दिसत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाचेही तसेच. शब्दाच्या मधोमध थांबवले तर शहाणा माणूसही वेडावाकडा दिसतो. वाक्य संपून ओठ मिटतात तिथे थांबावे.

हालचाल जिथे दिशा बदलते तिथे ती क्षणभर शून्य होते. झोका वरच्या टोकाला पोचतो तेव्हा, ढोलाची टिपरी वर जाऊन खाली यायच्या आधी, नदीत उडी मारणारे पोर सगळ्यात उंच असते तेव्हा. पवनारला धाम नदीत पोरे उड्या मारतात. उडीच्या माथ्यापासून पहिल्या १/५० सेकंदात अंग फक्त दोन मिलिमीटर खाली येते. तेच अर्धा मीटर खाली आल्यावर तेवढ्याच वेळात सहा सेंटिमीटर. पोरगा तोच, कॅमेरा तोच, पण एक फ्रेम कोरीव आणि दुसरी फरफटलेली. दोन्हींत अंतर अवघे सात-आठ फ्रेमांचे.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरकत जावे. नुसते पाहायचे असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' अक्षराची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते. पुढचे शूटिंग करतानाच ठाऊक असेल की यातून फ्रेम थांबवायची आहे, तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० सेकंद ठेवावा. चित्र कमी फरफटते, शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टेही फिरत नाहीत.

विष आणि अमृत

फ्रेम निवडली, आता ती बसवायची. लहानपणीचा विष-अमृताचा खेळ इथे कामी येतो. विष मिळाले की जिथे असाल तिथे थांबायचे. अमृत मिळाले की त्याच जागेवरून धावायचे. थांबलेल्या काळात तुम्ही दोन पावले पुढे सरकलात तर ती चीटिंग. व्हिडिओतही नेमकी हीच चीटिंग सगळ्यात जास्त होते.

फ्रेमेचा फोटो काढून तो चालू क्लिपच्या वर तीन सेकंद ठेवला, तर खालची तीन सेकंदे झाकली जातात. फोटो संपतो तेव्हा पोरगा नंदीसकट तीन मीटर पुढे पोचलेला असतो आणि पाहणारा दचकतो. त्यामुळे क्लिप त्या फ्रेमेवर कापायची, पुढचा भाग मागे ढकलायचा, मधल्या जागेत थांबलेली फ्रेम घालायची आणि ती संपताच लगोलग तिच्या पुढचीच फ्रेम सुरू करायची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फ्रीझ फ्रेमची तयार आज्ञा असते, ती हे आपोआप करते.

फोटो बाहेर काढून परत आत आणण्यापेक्षा ही आज्ञा बरी, याला आणखी दोन कारणे आहेत. एक रंगाचे. व्हिडिओत काळा ते पांढरा हा पल्ला बहुधा १६ ते २३५ असा मोजतात, फोटोत ० ते २५५. या भाषांतरात गफलत झाली की थांबताक्षणी चित्र फिकटते किंवा काळवंडते. दुसरे आकाराचे. जुन्या पाल व्हिडिओचे ठिपके चौरस नसतात. ७२० बाय ५७६ची फ्रेम फोटो म्हणून तशीच उघडली तर माणसे सव्वासहा टक्के बारीक दिसतात. ती ७६८ बाय ५७६ करून घ्यावी लागते. लग्नाच्या जुन्या कॅसेटींवरून केलेल्या अल्बममध्ये नवरदेव उगाच उंच दिसतो, त्याचे एक कारण हे.

कॅसेटीच्या चित्रात बारीक मुंग्या सतत फिरत असतात. फ्रेम थांबली की मुंग्याही थांबतात आणि चित्र काचेमागे ठेवल्यासारखे मेलेले वाटते. तीन सेकंदांत तीन-चार टक्के एवढेच हळूच जवळ जावे. डोळ्याला ते कळत नाही, पण चित्रात जीव राहतो.

आणि आवाज. मधे जागा केली की तीन सेकंदांची शांतता तयार होते आणि पाहणाऱ्याला टीव्ही बिघडला असे वाटते. त्याच कॅसेटीतला गर्दीचा, घुंगरांचा, दूरच्या ढोलाचा आवाज उचलून त्या जागेत पसरावा आणि दोन्ही टोकांना आठ-दहा फ्रेमा एकमेकांत मिसळाव्यात. चित्र थांबते, पण पोळा कानात चालू राहतो. एवढे जमले की बाकीच्या बारीक उणिवा कुणी पाहत नाही.

कशासाठी थांबायचे

कॅसेटींच्या काळात लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे मिक्सर आले आणि त्यावर स्टिल, स्ट्रोब, मोझॅक अशी बटणे आली. मग सगळ्यांना 'स्टिल मारायची' चटक लागली. अक्षता पडल्या की स्टिल, हार घातला की स्टिल, वरमाईने पेढा उचलला की स्टिल. दर मिनिटाला चित्र अडखळे आणि अखेर कशाचेच महत्त्व राहत नसे.

आजीने मला थांबायला सांगितले ते वेगळ्या कारणासाठी. तिला काही तरी सांगायचे होते. तेव्हा लक्षात आले, की घरच्या व्हिडिओत थांबण्याचे सगळ्यात मोठे कारण नाव हेच आहे. चित्र टिकते, नाव टिकत नाही. तीस वर्षांनी कॅसेटीतला नंदी ओळखू येतो, दोरी धरणारा हात कुणाचा ते कळत नाही. सांगणारे एक-दोघेच उरलेले असतात.

मग आम्ही पद्धत ठरवली. आजीने व्हिडिओ पाहायचा, ती 'थांबव' म्हणाली की मी वेळ लिहून घ्यायची आणि ती जे बोलेल ते फोनवर रेकॉर्ड करायचे. नंतर त्या वेळेच्या आसपासची स्वच्छ फ्रेम शोधून थांबवायची, खाली नाव, नाते आणि गाव लिहायचे आणि वर आजीचाच आवाज ठेवायचा. किती वेळ थांबायचे याचे मापही त्यातूनच मिळाले. खालची अक्षरे मनात दोनदा सावकाश वाचून होतील इतके. बहुतेक ठिकाणी ते तीन ते चार सेकंद भरले, म्हणजे ७५ ते १०० फ्रेमा.

पाऊण तासात सात जागी चित्र थांबले. नंदीच्या मागून ढकलणाऱ्या दोघांची नावे आजीलाही आठवली नाहीत. तिथे मी फ्रेम थांबवली नाही, ते गर्दीबरोबर पुढे गेले.

तो दोरी धरलेला पोरगा मात्र नीट सापडला. कॅमेऱ्याकडे वळताना मान जिथे टेकते तिथली फ्रेम, डोळे उघडे, एकच फील्ड, नंदीच्या पायांना दाते नाहीत. संध्याकाळी आजीला दाखवली. चित्र थांबले, घुंगरांचा आवाज चालू राहिला, खाली अक्षरे आली. तिने स्वतःचाच आवाज ऐकला, अक्षरांवरून बोट फिरवत नाव वाचले आणि म्हणाली, "हं. सोड आता त्याले."

पुढचीच फ्रेम सुरू झाली आणि पोरगा नंदी ओढत निघाला.